लाल रेघ नसलेल्या ओळी

एकदा एका वृद्ध ख्रिस्ती पाळकांकडे एक तरुण शिष्य पवित्र शास्त्राचे अध्ययन करीत होता. मोठा नीटनेटका गडी! देवाचे एखादे आश्वासन दिसले की पट्टी लावून त्याखाली लाल पेन्सिलीने सरळ रेघ ओढायचा. वर्षभरात त्याचे शास्त्र लालेलाल झाले, आणि कोणत्याही दुःखावर आपल्याकडे औषध आहे अशी त्याची पक्की खात्री झाली.

त्याच वस्तीत लुकस नावाचा सुतार राहत असे. चर्चच्या मंडळीत कोणी वारले की शवपेटी त्याच्याच हातची. त्या वर्षी तापाने त्याची नऊ वर्षांची सलोमी गेली, आणि तिची पेटीही बापालाच करावी लागली. त्यानंतर महिना उलटला तरी तो ना रडला, ना त्याने हात जोडले. शिष्य मोठ्या उत्साहाने सांत्वनाला गेला आणि म्हणाला, "लुकसकाका, देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं."

"त्याच्याकडं फुलं कमी होती व्हय?" लुकसने विचारले. "जा बाबा. या घरात आता प्रार्थना व्हायची न्हाई."

शिष्य तोंड पाडून परतला. त्याची हकिकत ऐकून पाळकांनी पायांत चपला सरकवल्या. "चल," ते म्हणाले, "तुझं शास्त्र घे बरोबर."

लुकसच्या अंगणात दोघे भुईवर बसले. लुकसने त्यांना हाकलले नाही, पण वर बघितलेही नाही. मग पाळक शिष्याला म्हणाले, "वाच. पण ज्या ओळींखाली रेघ नाही, तेवढ्याच वाच."

शिष्य चपापला. शोकाच्या घरी सांत्वनाची वचने सोडून भलतेच काय वाचायचे? पण गुरूंची आज्ञा. त्याने पाने उलटली आणि राखेत बसलेल्या एका नीतिमान माणसापाशी आला, ज्याची सगळी मुले एका दिवसात गेली. तो आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप देत होता, देवाने समोर येऊन उत्तर द्यावे म्हणत होता. पुढे स्तोत्रे लागली. तिथेही कोणी आकांत करीत होते की देवा, तू झोपलास का, आम्हाला विसरलास का. हे सारे शिष्याने पूर्वी वाचले होते, पण घाईघाईने, चुकून हाती आलेल्या परक्याच्या पत्रासारखे.

लुकसने मान वर केली. "हे शास्त्रात हाय?"

"आहे," पाळक म्हणाले.

"आन् देवानं ते ऱ्हाऊ दिलं?"

"राहू दिलं. लुकस, साधा पाटीलही आपली निंदा आपल्या दारात वाचू देत नाही. आणि ज्याने समुद्राला हद्द घातली, त्याने स्वतःवरचा आरोप स्वतःच्याच ग्रंथात जपून ठेवला! त्या नीतिमानाचे मित्र देवाची बाजू घेऊन कारणे सांगत बसले, तर देव त्यांच्यावरच कोपला. ज्याने गाऱ्हाणे घातले, तोच माझ्याविषयी नीट बोलला, असे म्हणाला. वधस्तंभावर देवाच्या स्वतःच्या पुत्रानेही 'तू मला का सोडलेस' असाच टाहो फोडला. तुझी लेक का गेली, हे मला ठाऊक नाही. देव कसा आहे, एवढे मात्र या ओळींनी मला शिकवले. तुझे ओरडणे त्याला सोसते."

शिष्याच्या मनात आले, इतका मोठा देव वर्षभर आपल्या हातात होता, आणि आपण त्याची वकिली करीत हिंडत होतो!

लुकस उभा राहिला. त्याने आभाळाकडे पाहिले. "का नेलीस रे तिला?" तो ओरडला. "नऊ वर्सांची व्हती! का नेलीस?" आणि इतके दिवस अडलेले रडू एकदम फुटले. तो अंगणात गुडघ्यांवर कोसळला.

शिष्याला वाटले, आता पाळक त्याला आवरतील. पाळकांनी आपले पांढरे मस्तक भुईपर्यंत लववले आणि प्रार्थना संपताना म्हणतात तसे म्हटले, "आमेन."