हातभर फट

“ती फट कुठाय?”

हाशमचाचांनी आल्या आल्या हेच विचारलं. बाकीचे लोक इमारत बघायला मान वर करतात. हे खाली वाकून पायथा बघत होते.

“कुठली फट, चाचा?” अभिमन्यूसाहेब हसले. कोयनेच्या खोऱ्यातला हा सात मजली दवाखाना त्यांनीच उभारलेला. पण ओळंबा धरायला शिकले ते चाचांच्या हाताखाली, आणि ते चारचौघांत सांगायचेही.

“पत्रात लिहिलं होतंस. खांबांखाली रबराच्या गाद्या. भूकंपात जमीन हादरंल, इमारत गाद्यांवर नुसती सरकंल. सरकायला चहूबाजूंनी हातभर मोकळी फट.”

“ती होय! बुजवली. उद्या मंत्री येतायत उद्घाटनाला. उघडी फट बरी दिसते का? लोक म्हणतील, काम अर्धवट सोडलं. सिमेंट भरलं, वर ग्रॅनाइट. बघा कसं चकाचक!”

सिमेंट मीच भरलं होतं. मी गवंडी. साहेब म्हणाले भर, मी भरलं. डोकं चालवायला कोण सांगतंय!

चाचांनी ग्रॅनाइटवरून हात फिरवला.

“तुझी आई कशी आहे?”

“बरी आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखाना आधीच सुरू केलाय, इथंच पाचव्या मजल्यावर ठेवलीय. उठता येत नाही अजून.”

“हं. चहा घे.” चाचांनी आपला भरलेला कप साहेबांच्या हातात दिला. आणि छातीवर दिला एक धक्का!

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. साहेब पाऊलभर मागं सरकले. चहा हिंदकळला, पण सांडला नाही.

“का नाही सांडला?”

“मागं सरकलो म्हणून...”

चाचांनी त्यांना दंडाला धरून नेलं आणि शोभेच्या नव्या कुंडीला टाचा टेकवून उभं केलं. पुन्हा तसाच धक्का.

आई गं! साहेब कुंडीवरून उताणे. कपाचे तुकडे, पांढऱ्या शर्टभर चहा. ऐंशीचा म्हातारा, आणि मंत्री यायच्या आदल्या दिवशी साहेबाला लोळवतो! मग माझी नजर त्या बुजवलेल्या फटीवर गेली. ते सिमेंट माझ्या हातचं होतं.

साहेब पडल्या पडल्या वर बघत होते, पाचव्या मजल्याकडे. तोंड पांढरंफटक.

“फोडतो, चाचा... उद्याचा कार्यक्रम तेवढा होऊ दे. लगेच फोडतो.”

“धरणीला पत्रिका दिलीयस?”

साहेब उठले. “घण आण,” मला म्हणाले. आणला तर माझ्या हातातून हिसकावूनच घेतला. तिसऱ्या घावाला ग्रॅनाइट तडकलं.

धापा टाकत थांबले. “उद्या मंत्री विचारतील, इथं हे काय राहून गेलं? काय सांगू त्यांना?”

चाचा खाली बसून कपाचे तुकडे गोळा करत होते.

“सांग... वर आई झोपलीय.”