राजाच्या तोंडातली लाल गादी

एकदा काय झालं, ऊसवाडीच्या राजाच्या तोंडातच गडबड उडाली! हसू नका गं पोरींनो. पांघरूण ओढा आणि ऐका.

राजाचं नाव रसाळसिंह. त्याच्या राज्यात एक रीत होती. हंगामाचा पहिला ऊस राजानं सगळ्यांदेखत दातानं सोलायचा आणि कडाकड चावायचा. मगच गुऱ्हाळं पेटायची. त्याआधी कोयत्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, बरं का! आणि उसाचा तुरा एकदा उडाला की आतला रस आटला. मग वर्षभर ना काकवी, ना गूळ!

तर त्या वर्षी दात घासताना राजाच्या हिरडीतून रक्त आलं. लढाईत न डगमगणारा राजा त्या एका थेंबाला घाबरला! म्हणाला, "राणीसाहेब, आजपासून दात घासणं बंद. जखमेला कुणी घासतं का?" गूळ मात्र चालूच. जेवण झालं की खडा गालात धरून बसायचा.

मग हिरड्या सुजल्या. टम्म फुगल्या, लालेलाल झाल्या. राजाला मऊ भातसुद्धा चावेना. आणि तिकडे शेतात तुरे डोलायला लागले!

मग आले वैद्यबुवा. त्यांनी लवंगेचं तेल लावलं. दुखणं झोपलं, पण सूज जागीच! राजानं ऊस तोंडाला लावला मात्र, "आई गं!" म्हणून खाली बसला.

मग प्रधानजींनी डोकं चालवलं. "महाराज, तुम्ही नुसता जबडा हलवा. मी पडद्यामागं बसून ऊस चावतो!" राजानं जबडा हलवला, पडद्यामागं कडाकड वाजलं, लोकांनी ढोल बडवले. पण ऊस पिळायच्या चरकाचे बैल मटकन खाली बसले! उठवलं तरी उठेनात. लबाडी बैलांनासुद्धा कळली, बघा.

आता वारा सुटला. तुरे भुरभुरायला लागले. राजा रडकुंडीला आला. राणी केतकी म्हणाली, "आ करा बघू."

राजानं आ केला, आणि आतून आवाज आला, "थांबा! आता मी बोलते!"

राणी दचकली. "कोण गं बाई तू?"

"मी मागची दाढ. आम्ही सगळे दात या लाल गादीवर शेटजींसारखे ऐटीत बसायचो. दुकानाची गादी रोज झटकावी लागते की नाही? महाराजांनी झाडूच बंद केला! गादीच्या कडेला खरकटं साचलं, त्याचं कीटण झालं, आणि गादी सुजली. पहिलं रक्त आलं तेही घासल्यामुळं नव्हे हो, आधीपासून नीट न घासल्यामुळं!"

"अगं पण दुखेल ना!" राजा कळवळला.

"थोडं दुखेल. हळू घासा, पण घासा."

राणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तलवारीला भीत नाही आणि दातणाच्या काडीला भिता? शोभतं का हे?"

मग काय! वैद्यबुवांनी बारीक हत्यारानं घट्ट बसलेलं कीटण अलगद खरवडून काढलं. राजानं ठेचून मऊ केलेली बाभळीची काडी घेतली. पहिल्या दिवशी परत रक्त आलं. पण काडी सोडली नाही त्यानं! मग कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, खुळखुळ, खुळखुळ. गालातला गुळाचा खडाही गेला. मग रक्त कमी झालं. मग थांबलं. मग सूज उतरली.

पण तोवर निम्मे तुरे उडाले होते! राजा धावतच शेतात गेला. उभा ऊस मोडला, दातात धरला. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि...

कडाकड!

बैल ताडकन उठले! चरक फिरला, चुलीवर मोठाल्या काहिली चढल्या, रस खळाखळा उकळला. उरलेल्या उसाचा गूळ झाला आणि घरोघरी पुरला. राजा रस पिऊन मिशा पुसतो न पुसतो, तोच दाढ आतून ओरडली, "महाराज, चूळ!"

राजा सगळ्या प्रजेसमोर उठला आणि चूळ भरून आला. पुढं सगळे गोड खाऊन, दात घासून सुखानं नांदले.

कोण गं ती उठली? चूळ भरायची राहिली? जा, भरून ये पटकन. आणि मग सगळ्यांनी डोळे मिटा, नाहीतर तुमच्या दाढाही बोलायला लागतील.