ठमाईचा आखूड कामठा

कामठवाडीत शिरलं की पाहुण्याची नजर आधी दारांवर जाते. घर कौलारू असो नाहीतर स्लॅबचं, चौकटीच्या वर एक लाकडी कामठा टांगलेला असतोच. कामठा म्हणजे धनुष्य; पण हे कसलं धनुष्य! जमिनीवर उभं धरलं तर जेमतेम कमरेला लागतं. शिकार या गावानं कधीच सोडली. तरी एसटीच्या कंडक्टरपासून अंगणवाडीच्या बाईंपर्यंत जो तो फावल्या वेळात धामणीच्या झाडाची काठी तासत बसलेला दिसतो. पाहुणे हसतात, पोरांचं खेळणं आहे का म्हणून विचारतात. मग गावातले म्हातारे चिंधूबाबा घोडे काठी टेकत त्यांना गावामागच्या कड्यावर नेतात आणि दरीपलीकडे एकट्या उभ्या असलेल्या सुळक्याकडे बोट दाखवतात.

"आधी त्यो सुळका बगा," ते म्हणतात, "आन् मंग काय हसायचं त्ये हसा."

असं सांगतात की तो सुळका पूर्वी एकटा नव्हता. कड्यापासून त्याच्यापर्यंत खडकाची एक अरुंद सोंड होती आणि तिच्यावरून गावकरी पलीकडे गवत कापायला जात. त्या काळी गावात ठमाई नावाची बाई होती. तिला कामठे करायचा भारी नाद. शिकारीला जायचं नाही, कुणाला विकायचा नाही, नुसता करायचा! धामणीची सरळ फांदी हेरायची, सावलीत वाळवायची, चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची आणि मग विळ्यानं पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या, बाजूनं हलक्या हातानं तासायची. पाठीच्या बाजूला विळा म्हणून लावायचा नाही, कारण तिथला एक धागा तुटला तरी कामठा दगा देतो. सासू म्हणे, भाकरी थापायच्या वेळेला हिच्या हातात लाकूड. ठमाईचा नवरा जावजी मात्र हसून सोडून द्यायचा. त्याचा एकच टोमणा ठरलेला, "आमच्या घरात चुलीतलं लाकूड बी तासून मिळतं."

या जावजीला एकदा रानात वाघानं धरलं. खांदा फाटला, ताप चढला, माणूस हाती लागेल असं कुणालाच वाटेना. तेव्हा ठमाई वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, शिळेपुढं जाऊन उभी राहिली. तिनं नवस केला, की माझा धनी उठून बसला तर माझ्या हातचा सगळ्यात देखणा कामठा तुला वाहीन, आणि तुझ्या आधी त्यावर कुणी बाण चढवणार नाही. जावजी उठला. ठमाई कामाला लागली. दोन पावसाळे तिनं तो कामठा केला म्हणे. पुरुषभर उंच, करंजाचं तेल पिऊन तांबूस झालेला, वाकवला तर दोन्ही बाजू तोलात वाकणाऱ्या. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघोबाच्या सणाला, तो वाहायचा ठरला. सगळं गाव येऊन बघून गेलं, सासूसुद्धा गुपचूप हात फिरवून गेली.

आणि वाघबारशीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सोंड कोसळली!

पावसाळाभर पाणी पिऊन खिळखिळा झालेला खडक तो. असा आवाज झाला की गुरं दावी तोडून पळाली. धूळ खाली बसली तेव्हा मधली वाट गायब, आणि सुळक्यावर गवत कापायला गेलेली पाच माणसं तिकडंच अडकलेली. त्यांच्यात जावजी होता. सुळका अजून थरथरत होता, कडेचे दगड सुटून दरीत जात होते. दिवस मावळायच्या आत माणसं अलीकडे आली नाहीत तर सुळक्यासकट जातील, अशी धास्ती सगळ्यांनी घेतली.

गावात दोर होता. पण तो पलीकडे न्यायचा कसा? मग कुणीतरी म्हणालं, बाणाला अंबाडीची बारीक सुतळी बांधा, सुतळीला दोरी, दोरीला जाड दोर. झालं, गावातले तिरंदाज धावले! कड्याच्या माथ्यावरून बाण सुटू लागले. पण तिथं दरी रुंद आणि वारा आडवा. सुतळीचं ओझं घेऊन एकेक बाण निम्म्या वाटेत खाली गेला.

दरी अरुंद होती ती एकाच जागी, कड्याच्या थोडी खाली, जिथं एक कपार पुढं आलेली आहे. वारंही तिथं लागत नाही. पण कपारीचं छत इतकं खाली की माणसाला गुडघ्यावर बसावं लागतं. तिथं पुरुषभर उंचीचा कामठा उभा धरता येईना, आडवा धरावा तर दोन्हीकडे खडक. एकानं आपला बांबूचा कामठा दोन्ही टोकांनी तोडून आखूड केला आणि ओढला. तो ओढतानाच उभा फाटला. दुसऱ्याचीही तीच गत.

ठमाई तिथंच उभी होती. आखूड कामठा पूर्ण ताणला की मोडतो, हे तिला सगळ्यांच्या आधी कळत होतं. हा ताण सोसेल असं लाकूड गावात एकच होतं, आणि ते देवाचं होतं.

"वैनी, त्याला हात लावू नको," धाकटा दीर म्हणाला. "वाघोबा कोपला तर आख्खं गाव खाईल."

देवाला दिलेला शब्द मोडायचा, आणि तोही ज्याच्यासाठी दिला त्याच्याचसाठी! ती पळतच घरी गेली, कामठा काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि कोयत्यानं त्याची दोन्ही टोकं उडवली. दोन पावसाळ्यांचं काम! आखूड झालेल्या लाकडाला तिनं नव्या खाचा पाडल्या, दोरी चढवली, आणि रडत रडतच पोट आणखी तासलं. घाई होती, पण पाठीला तिनं विळा लागू दिला नाही.

कपारीत ती स्वतः गुडघ्यावर बसली. बाण लावला. दोरी ओढली, तसा कामठा कुरकुरला.

"थांब, मोडंल!" वरून कुणीतरी ओरडलं.

"मोडू दे!" ठमाई ओरडली आणि तिनं दोरी कानापर्यंत नेली.

बाण सुटला आणि त्याच क्षणी कामठा काडकन मोडून तिच्या हातात दोन तुकडे राहिले. सुतळी सळसळत निघाली. बाण दरी ओलांडून गेला, पलीकडच्या गवतात घुसला, आणि जावजीनं झेप घेऊन सुतळीचं टोक पकडलं! मग काय विचारता! कड्यावर बाया-बापडे नाचायला लागले, सासूनं तर पदर सोडून शीळ घातली म्हणे. सुतळीमागून दोरी गेली, दोरीमागून दोर गेला. एकेक करत पाचही माणसं दोराला लोंबकळत अलीकडे आली. सगळ्यात शेवटी जावजी आला. त्यानं बायकोच्या हातातले तुकडे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्याला टोमणा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी वाघबारस. ठमाई ते दोन तुकडे घेऊन शिळेपुढं गेली. गाव लांब उभं राहिलं, कारण भीती सगळ्यांनाच होती.

"देवा, कामठा तुझा व्हता," ती म्हणाली. "तुला इचारायला येळ न्हवता, म्हून मोडला. दुसरा करून दीन. त्याच्याच तोलाचा, न्हाई तर दीनच न्हाई."

रानातून एकदाच डरकाळी आली, आणि मग सगळं शांत झालं. त्या वर्षी गावातलं एक वासरूसुद्धा वाघानं नेलं नाही, असं सांगतात.

ठमाईनं दुसरा कामठा केला, आखूडच केला. शिळेपाशी नेला, उन्हात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "कसर हाये." घरी आणून दारावर टांगला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जावजी चिडवायचा, "वाघोबाला तरी बगू दे की!" पण ती ऐकेना. म्हातारी झाली, हात थरथरायला लागले, तेव्हा वाचलेल्या पाच जणांच्या घरांनी विळे उचलले आणि हळूहळू सगळं गाव कामठे करायला लागलं. एकट्या बाईचा नवस गावानं अंगावर घेतला, आणि तो अजून फिटलेला नाही.

आजही वाघबारशीला घराघरातले नवे कामठे शिळेपाशी येतात. गावातलं सगळ्यात वडील माणूस ते एकेक करून वाकवून बघतं, पहिल्याच्या तोलाचा एखादा आहे का म्हणून. सध्या हा मान चिंधूबाबांचा. गेल्या वर्षी अंगणवाडीच्या बाईंनी आणलेला कामठा त्यांनी फार वेळ हातात धरला होता. दोन्ही बाजू तोलात, पाठ अखंड, तांबूस रंग. बाबांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तो बाईंच्या हातात परत दिला.

"कसर हाये," ते म्हणाले.

बाईंनी कामठा कपाळाला लावला आणि हसत हसत नवी धामण हेरायला रानाची वाट धरली.