मधल्या खडकावरचं बोलावणं

तिवरी नदीवर वीज तयार करणारं एक छोटंसं धरण होतं. पाणी सोडण्याआधी धरणावरचा भोंगा वाजवायचा, असा तिथला नियम. घटस्थापनेच्या तोंडावर तानका गोधड्या धुवायला नदीतल्या मधल्या खडकावर गेली, अचानक लोंढा आला आणि ती घरी परतलीच नाही.

चौकशीसाठी धरणाचे देवस्थळे साहेब काठावर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, “भोंगा वाजला होता. बायका गप्पांत रंगतात, त्याला आम्ही काय करणार? चूक तिचीच.”

तानकाची धाकटी बहीण वेणू हे ऐकत होती. बहीण तर गेलीच, वर दोषही तिच्याच माथी! ती उठून चाचरत म्हणाली,

“तुमचं खरं असेल, साहेब. मग चला, आपण दोघं त्या खडकावर बसू. तुम्ही फोन करून पाणी सोडायला सांगा. भोंगा ऐकू आला की उठू.”

साहेब दचकले. “वेड लागलंय का तुला? जीव जाईल माझा!”



“ताईचा तसाच गेला,” वेणू म्हणाली.

साहेबांनी मान खाली घालून आपले शब्द मागे घेतले. पुढे धुण्याच्या घाटाजवळच नवा भोंगा बसला. तो वाजला की बायका लगबगीनं वर येतात. सगळ्या आल्या तरी वेणू मात्र रिकाम्या खडकाकडे बघून हाक मारते, “ताई, ऊठ गं.”