राजाच्या टाचेचा फोड

एका राज्यात नजर वर करण्याची चोरी होती. राजा अरिंजय समोर आला की प्रधानापासून पाणक्यापर्यंत साऱ्यांनी त्याच्या पायांकडेच पाहायचे, हा त्याचाच दंडक. एकदा एका मांत्रिकाने भर दरबारात मान वर केली. राजाने त्याला धक्के मारून हाकलले. जाता जाता तो म्हणाला, "ज्याला कुणाची नजर सोसवत नाही, त्याला स्वतःचा देहही कळणार नाही!"

झाले! त्या दिवसापासून राजाला ना भूक कळे ना तहान. वाढलेले ताट तसेच निवून जाई. राजा वाळून काडी झाला. एके दिवशी तर तो निखाऱ्यावर टाच देऊन खुशाल उभा राहिला. किंचाळली ती राणी सुवर्णरेखा, कारण तिची नजर सदा तिथेच. वैद्य म्हणाले, "असेच चालले तर महाराज उपाशी मरतील, आणि तेही त्यांना कळणार नाही." राजा भ्याला, पण छाती काही धडधडेना.

तेव्हा राजवाड्यातल्या पिंजऱ्यातली म्हातारी मैना बोलली, "राजा, तीन नजरांना नजर दे. वाघाच्या, यक्षिणीच्या, आणि तिसरी घरातली."

राजा रानात गेला. वाघाच्या डोळ्यांत पाहताच त्याचे गुडघे लटपटले. आपल्याला गुडघे आहेत, या आनंदात तो वाघाला विसरला! पुढे शापित खजिन्यावर बसलेल्या यक्षिणीशी त्याने नजर भिडवली. घशाला अशी कोरड पडली की खजिना सोडून तो ओढ्याकडे धावला. पण घरी येईतो गुडघे पुन्हा परके झाले, तहानही कळेनाशी झाली.

उरली राणी.

"सुवर्णरेखे, वर पाहा."

"महाराज, दंडक मोडेल."

"मीच घातला, मीच मोडतो."

"तुमच्या मोजड्यांचा टाका न् टाका मला पाठ आहे. चेहऱ्याची मात्र भीती वाटते."

"मलाही," राजा म्हणाला. असे त्याने जन्मात कुणाला सांगितले नव्हते.

राणीने नजर वर केली. राजाला वाटले, तोंड लपवावे. पण तो हलला नाही. कान तापले, छाती धडधडली, पोटात कावळे ओरडू लागले, आणि टाचेवरचा फोड असा चरचरला की राजा एका पायावर नाचू लागला.

"आई गं! दुखतंय, सुवर्णरेखे, दुखतंय!" म्हणत तो हसत सुटला. राणी रडतरडत कोरफड आणायला धावली.

दंडक मोडला, मांत्रिकाला मानाने बोलावणे गेले. राजा पुन्हा पुन्हा भात मागून जेवला, आणि राणी त्याच्या तोंडाकडे पाहत वाढत राहिली. राजाचा देह राजाला मिळाला, तसा ऐकणाऱ्यांना आपापला लाभो.