चिंचोक्यांचा डाव

"पण बाबा, वाढवायची कधी?"

"काय? आमटी?"

"बाजी, बाबा. एकवीसच्या डावातली."

मुरारबाबा मठाच्या ओट्यावर चिंच फोडत बसले होते. गर परातीत, चिंचोके खाली. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा धैर्यशील नलवडे गडहिंग्लजचा. गणितात डोकं तल्लख, आणि ते तल्लख आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक. पणजीच्या कॅसिनोत एकवीसचा खेळ चालतो. ज्याच्या पानांची बेरीज एकवीसच्या जवळ, पण वर नाही, तो जिंकला. एक्का अकराचा किंवा एकाचा, चित्रं दहाची. तिथं निघून गेलेलं प्रत्येक पान हा पठ्ठ्या मनात मोजायचा. बारकी पानं संपली आणि एक्के, दश्श्या, चित्रं मागं राहिली, की खेळणाऱ्याचे दिवस आले. बाजी वाढवायची ती तेव्हाच. इथवर त्याला पक्कं येत होतं.

तरी मोठी बाजी कधी साधायची, कधी हातची जायची. सगळं लावावं असा नेमका डाव कुठला, ते काही कळत नव्हतं.

मुरारबाबांना ते कळतं, असं लोक सांगत. भगवी घालण्याआधी बाबा पत्त्यांत आकंठ बुडालेले होते म्हणे. एका बैठकीत त्यांनी कुणाचं तरी राहतं घर जिंकलं होतं. त्या घरात ते राहिलेले मात्र कुणी पाहिले नव्हते.

म्हणून धैर्यशील घाटमाथ्यावर मठापाशी उतरला होता. पणजीची एसटी दुपारी इथंच थांबायची. पिशवीत, फडक्यात बांधलेल्या, आईच्या पाटल्या होत्या. दुकानाच्या डिपॉझिटला हव्यात असं सांगून घेतलेल्या. पणजीत मोडायच्या आणि सगळं एका डावावर लावायचं, असा बेत. आल्याआल्या त्यानं तो बाबांना फुशारकीनं सांगूनही टाकला होता.

बाबांनी हात पुसले. आतून पत्त्यांचा एक मळकट कॅट आणला.

"बस. चिंचोकं लाव."

डाव सुरू झाला. मोठी पानं निघून गेली असली, की धैर्यशील एखादाच चिंचोका पुढं करायचा. बारकी निघून गेली, की मूठभर. बघता बघता ओट्यावरचे बहुतेक चिंचोके त्याच्यापुढं आले. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं त्याला वाटलं. बाबांच्या तोंडावरची माशी हलली नव्हती.

"आता मोजणी काय म्हणतीया?"

"एकदम झकास. बारकं पान एखादंच उरलंय."

"म्हणजे वाढवायची वेळ."

"हो."

"मग पाटल्या ठेव."

धैर्यशीलनं चमकून वर पाहिलं. बाबा पानं पिसत होते.

"तू जिंकलास, तर तुझं उत्तर देतो. मी जिंकलो, तर पाटल्या मठाच्या."

धैर्यशीलचा हात पिशवीत गेला. बोटांना फडक्याची गाठ लागली. ती आईनं मारलेली होती. किती वर्षांत त्या पाटल्या मनगटातून निघाल्या नव्हत्या. तिनं साबण लावून, ओढून काढल्या. मनगट लालबुंद झालं होतं, आणि ती हसत म्हणाली होती, दुकानाला माझं नाव देऊ नकोस हं, लोक हसतील.

हात पिशवीतच राहिला.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"गाडी आली बघ," बाबा म्हणाले. "हात काढ भाईर."

"नाही जमत, बाबा."

"मोजणी चुकली?"

"मोजणी बरोबर आहे."

"मघाशी तर मूठ मूठ लावत हुतास."

"ते चिंचोके होते."

"मग तिथं काय असतंय?"

धैर्यशीलला कॅसिनोतली खिडकी आठवली. नोटा आत सरकवल्या, की मूठभर रंगीत चकत्या बाहेर येतात. प्लास्टिकच्या, हलक्या. त्या पुढं ढकलताना त्याचा हात एकदाही अडखळला नव्हता.

एसटी थांबली. कंडक्टरनं पणजी, पणजी अशी हाळी दिली, ओट्याकडं पाहिलं, आणि घंटी मारली. गाडी घाट उतरू लागली. तिचा आवाज पार विरेपर्यंत धैर्यशील जागचा हलला नाही.

मग त्याचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. आता गडहिंग्लजची गाडी धरतो, म्हणाला. आईला सगळं खरं सांगतो. ती दोन दिवस बोलणार नाही, पण पाटल्या हातात घालेल.

बाबांनी नुसती मान हलवली.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. उठता उठता तो पुन्हा बसला.

"बाबा, तेवढं एक दाखवा. मी लावलं असतं, तर काय आलं असतं?"

बाबांनी कॅट जवळ ओढला. मग त्यांनी पानं वाटली. स्वतःपुढं गुलाम आणि नव्वी. धैर्यशीलपुढं एक्का... आणि राजा.

एकवीस.

तो बघत राहिला. छातीत कळ येईल असं वाटलं होतं. ती आली नाही.

"जिंकलो असतो," तो म्हणाला.

बाबा पानं गोळा करू लागले.

"त्याचंच तर भ्या वाटत हुतं रं मला."