मूळची चेन

“...पण हे भाग बदललेत, हे वळखलं कशावरनं?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

“ठिपक्यांवरून,” सुगतराव म्हणाले. “तुम्हीच तर शिकवलंत.”

चाचांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांनी मागच्या चाकाच्या मधोमध हबवर अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला.

एक, दोन, तीन.

“माझंच हायत.”

विट्याला एसटी स्टँडच्या मागं चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. साठ वर्षं झाली. जो भाग बदलला त्यावर पंच ठोकून तीन ठिपके उठवायचे, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. माझा चांगला माल काढून घेतलास असं उद्या गिऱ्हाइकानं म्हणू नये, म्हणून.

सुगतराव बनसोडे बँकेतून निवृत्त झालेले. जुन्या सायकलींचं त्यांना वेड. फ्रेमवरच्या नंबरावरून साल सांगत, ब्रेकच्या दांडीवरून कारखाना सांगत. वर्षभर ते दर मंगळवारी चाचांकडे येत होते. शिकायला येतो म्हणत, आणि निम्मा वेळ चाचांनाच शिकवत. चाचा ऐकून घेत.

आजची सायकल मात्र वेगळी होती. गावच्या घरातून टेम्पोत घालून आणलेली.

“माझ्या वडिलांची,” सुगतराव म्हणाले. “छत्तीस सालची, अस्सल विलायती. मिशनच्या डॉक्टरांनी गाव सोडताना विकली, ती वडिलांनी घेतली. केरबा मास्तर. तुम्हाला आठवत असतील.”

चाचांचा अंगठा अजून त्या तीन ठिपक्यांवरच होता.

सुगतरावांनी पिशवीतून कागद काढला. येत्या रविवारी गावच्या शाळेत ही सायकल काचेच्या कपाटात ठेवायची होती. शेजारी दगडी पाटी. पाटीचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. तोंडपाठ होता, तरी त्यांनी वाचून दाखवला.

‘गावकुसाबाहेरच्या माणसाने चावडीपुढून सायकलवर बसून जायचे नाही, असा या गावचा रिवाज होता. कोणी दिसला तर त्याला खाली उतरवीत. केरबा मास्तर या सायकलवर बसून सव्वीस वर्षे चावडीपुढून शाळेत गेले. बसून जाणारे ते पहिले.’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. या एका गोष्टीच्या जोरावर ते शिकले होते, नोकरीला लागले होते आणि साहेबांच्या खुर्चीपुढेही कधी मान खाली न घालता उभे राहिले होते.

“हे मास्तरांनी सांगितलं तुमाला?”

“ते कसले सांगतात! स्वतःबद्दल कधी चकार शब्द नाही. आई सांगायची.”

“आन् मास्तर?”

“ऐकायचे. गालात हसायचे.”

“हं...”

“आता तुमचं काम,” सुगतरावांनी खोका उघडला. “पाच भाग मूळचे नाहीत. त्याच कारखान्याचे, त्याच काळातले भाग मी हुडकून आणलेत. काही बेळगावहून, काही पुण्याहून. ते बसवा. आणि सायकल अस्सल आहे असं दोन ओळीत लिहून सही द्या. उद्या कुणी शंका काढायला नको.”

चाचा पोत्यावर बसले. “यादी वाचा, साहेब. आधी बदललेलं.”

“पुढचा हब. मागचा हब. दोन्ही रिमा. फ्रीव्हील.”

“फ्रीव्हील कितव्यांदा बदललंय?”

सुगतराव वाकले. मागच्या चाकाला चेन जिथं बसते त्या फ्रीव्हीलच्या तीन ठिपक्यांखाली बारीक रेघा होत्या. त्यांच्या तपासणीत त्या सुटल्या होत्या, आणि हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

“चार रेघा आहेत.”

“म्हंजे ह्ये चौथं. आता मूळचं वाचा.”

सुगतराव खुलले. “चेन मूळची. पायडलांचे क्रँक मूळचे. क्रँकचा ॲक्सल, आतले छर्रे, सगळं मूळचं. सीटचं कातडं मूळचं, मागं एक तेलाचा डाग आहे तेवढाच. आणि पायडलं, चाचा... पायडलांचं रबरसुद्धा मूळचं. त्यावरची अक्षरं अजून वाचता येतात. लोक असल्या पायडलांसाठी वर्षानुवर्षं हिंडतात.”

“झीज?”

“नावालाही नाही.”

“सव्वीस वर्षांत?”

“हो.”

“फ्रीव्हील चार.”

“हो.”

“आन् चेन एकच.”

...

बाहेर स्टँडवर एक गाडी लागली. कंडक्टरनं दार आपटलं. सुगतरावांनी कागदाची घडी घातली.

“वडील फार जपून वापरायचे.”

चाचांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

“ल्हानपणची ही सायकल ध्यानात हाय का तुमच्या?”

“ध्यानात? अहो, रोज संध्याकाळी आम्ही घरात असायचो आणि वडील दारात यायच्या आधी हिचा आवाज यायचा. कट् कट् कट् कट्... तो ऐकला की आई चुलीवर तवा ठेवायची. झोपेतून उठवलं तरी ओळखीन मी तो आवाज.”

चाचा उठले. सायकल स्टँडवर चढवली आणि हातानं पायडल फिरवलं. चेन सरसर पळू लागली, मागचं चाक फिरू लागलं. चाचा फिरवत राहिले. चाक मुकाट फिरत होतं.

“ह्यो का आवाज?”

“नाही. हा नाही.”

चाचांनी सायकल स्टँडवरून खाली घेतली. डाव्या हातानं हँडल धरलं, उजवा हात सीटवर ठेवला, आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालले.

कट् कट् कट् कट्.

“ह्यो?”

“हाच!” सुगतराव एकदम म्हणाले. “अगदी हाच.”

आणि त्यांची नजर चेनीवर गेली.

जाणकार माणूस. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पायडल मारताना फ्रीव्हील वाजत नाही. सायकल उतारावर सोडून दिली तर वाजतं, नाहीतर हातात धरून चालत नेली तर वाजतं. त्या वाजण्यात आतली खिटी झिजते, आणि चेन जागची हलत नाही. हे त्यांनी स्वतःच कितीतरी जणांना सांगितलं होतं.

“उतार असेल,” ते म्हणाले.

“वस्ती कुठं तुमची?”

“माळावर.”

“म्हंजे शाळेतनं घरी येताना?”

सुगतरावांनी पुन्हा सायकलीकडे पाहिलं.

“चढ...”

ते मटकन स्टुलावर बसले. चाचांनी माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं. पन्नास वर्षं जो आवाज त्यांनी कौतुकानं कानात जपला, तोच आज उलटला होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मास्तर वर्षातनं दोनदा यायचे सायकल घिऊन. गावापास्नं हितवर सात मैल. मोकळा रस्ता, बगाय कुत्रंबी न्हाई. तरी चालतच. चाकं झिजायची, मी बदलायचो. चेनीला कवा हात लावाय लागला न्हाई.”

“एकदासुद्धा बसले नाहीत?”

“म्या तरी न्हाई बगितलं. आन् चेन तर तुमच्याम्होरंच हाय.”

चाचांनी सुगतरावांचा उजवा हात धरला आणि सीटच्या मागच्या कडेला नेऊन ठेवला. तिथं तो डाग होता. यादीत त्यांनी ज्याला तेलाचा म्हटलं होतं तो. तळवा डागावर बरोबर बसला, चारी बोटांसकट.

सुगतरावांनी चटका बसल्यागत हात काढून घेतला.

“मी भाषणांतून सांगितलं हे,” ते म्हणाले. “बँकेत सांगितलं. मुलांना सांगितलं. परवा नातीला सांगितलं, तुझे पणजोबा कुणाला भ्याले नाहीत म्हणून...”

चाचांनी सायकल भिंतीला टेकवली.

“भ्याले ते. सव्वीस वर्षं भ्याले. इतकी हौसेनं सायकल घेतली आणि भीतीनं...”

साठीतला माणूस, पण डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“पाटी कोरून झालीय, चाचा. दगडात कोरलीय. आता मी गावात कुठल्या तोंडानं जाऊ? आणि शेवटी हे... हे अस्सल निघालं, ते न वापरल्यामुळं!”

चाचांनी फडकं घेऊन हाताचं वंगण पुसलं. सावकाश, एकेक बोट. मग खोक्यातले बेळगावचे आणि पुण्याचे भाग होते तसे कागदात गुंडाळले आणि झाकण लावलं.

“लेकरा,” ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी सुगतरावांना साहेब म्हटलं नाही. “मीबी मास्तरांना एकदा इचारलं हुतं. नुकतंच दुकान टाकलं हुतं तवा. तोंडाळ हुतो. म्हटलं, मास्तर, बसायचंच न्हाई तर सायकल कशापायी घेतलीसा? आन् घेतलीसा तर घरी ठिवा की. रोज चावडीम्होरनं कशाला मिरवता?”

“मग?”

“हसले.”

“काही म्हणाले नाहीत?”

चाचांनी सायकल त्यांच्याकडे वळवली. डावी मूठ त्यांच्या हातात दिली. उजवा हात पुन्हा त्या डागावर ठेवला, आणि या वेळी सुगतरावांनी तो काढला नाही.

“म्हणाले, ‘दस्तगीर, रोज सकाळी समदी चावडी वाट बगत असतीया माझी. आता बसंल, मग बसंल. मी बसतच न्हाई. मग मला उतर म्हणायचं कुणी?’”